लुमाण्णांनी लावलेली जोड

लुमाण्णा हवालदार कुणालाही पहिल्यांदा भेटले की नमस्काराआधी त्याच्या नाकासमोर आपली तर्जनी धरायचे आणि ती सावकाश डावीउजवीकडे फिरवायचे. समोरच्याचे डोळे बोटाबरोबर नीट फिरले की "ठीक हाय" म्हणायचे आणि मग रामराम. आमच्या शाळेत ते ड्रिलमास्तर म्हणून लागले त्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांच्याही नाकासमोर बोट धरलं. हेडमास्तर धारवाडकडचे, शिस्तीचे. हा माणूस आपल्याला दटावतोय असंच त्यांना वाटलं आणि लागल्या दिवशीच लुमाण्णांची नोकरी जायची वेळ आली. मी मध्ये पडलो. ही पलटणीतली सवय आहे, ठोसे खाल्लेल्या जवानाचं डोकं ठिकाणावर आहे का ते असं बघतात, असं मी समजावलं. "माझं आहे म्हणावं," हेडमास्तर म्हणाले. लुमाण्णा म्हणाले, "व्हय, बगितलं की."

मी त्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि राहायला बेळगावच्या अनगोळात, त्यांच्याच गल्लीत. त्यामुळे जाता-येता त्यांची सोबत घडायची आणि ती सोपी नव्हती. ते चालताना सतत बोलत, आणि बोलताना हाताने ठोसे मारून दाखवत. समोरून येणाऱ्या बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. त्यांचं नाक मधोमध बसलेलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नाक बसऱ्यात ऱ्हायलं, मी तेवढा परत आलो." पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर ते तिकडे, इराकात, गेले होते आणि तिथेच एका गोऱ्या सार्जंटाने त्यांना बॉक्सिंग शिकवलं होतं. त्या सार्जंटाबद्दल बोलताना त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली यायचा. बाकी जगात कुणाचंच त्यांना कौतुक नव्हतं. माझ्या इंग्रजीचं तर मुळीच नव्हतं. "मास्तर, तुमचं इंग्रजी पुस्तकातलं," म्हणायचे. "माज्या सार्जंटाला एक शबुद कळला नसता."

घरामागे फणसाच्या झाडाला त्यांनी वाळूचं पोतं टांगलं होतं. संध्याकाळी चार-सहा पोरं तिथे घाम गाळत. बेळगावात कुस्ती घरोघरची. प्रत्येक गावाला तालीम, प्रत्येक तालमीला वस्ताद. बॉक्सिंग मात्र लष्करी कॅम्पातल्या बराकींपुरतं. ते बाहेर आणलं लुमाण्णांनी, आणि याचा त्यांना फार गर्व होता. पुढे त्याच गोष्टीचं त्यांना इतकं वाईट वाटू लागलं की ते झाड तोडून टाकावं म्हणायचे. बायकोने तोडू दिलं नाही, कारण फणस चांगले लागत.

शिकवण्याची त्यांची पद्धत अगदी जुनाट होती. ठोसा मारायचा तर पुरा मारायचा, अर्धामुर्धा हात उचलायचा नाही. कुणी हलका हात टाकला की ओरडायचे, "आरं, माशा मारतोस काय रं?" पण ज्याला डोक्यावर जोराचा बसला, त्याला ते पुढचे कितीतरी दिवस पोत्याजवळ उभं करीत नसत. पोरगा कितीही गयावया करो. "डोस्कं म्हंजे काय ढोल हाय? फुटलं की नवीन कातडं लावायला?"

त्या पोरांत परशराम होता. येळ्ळूरचा. कुस्तीत त्याचं फारसं चालत नव्हतं, कारण अंग सडपातळ. पण हात लांबच्या लांब. लुमाण्णांनी एका मैदानात त्याला हरताना पाहिलं आणि तिथूनच उचलून आणलं. बाप नव्हता. आई आणि बहीण निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. लाजरा, हसरा मुलगा. माझ्यापुढे आला की उगाच इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हणायचा, संध्याकाळ असली तरी. लुमाण्णांना मूलबाळ नव्हतं. ते परशाला शिव्या देत तेव्हा त्यांचं तोंड पाहून मला हसू यायचं, इतका त्यात लोभ असायचा.

निपाणीच्या त्या वखारीचे मालक बसाप्पा शेटजी. मनमोकळा माणूस. पानाचा डबा सगळ्यांपुढे करायचे, जत्रेला अन्नदान करायचे. तंबाखू विकून लोकांच्या हातात पैसा आला की ते कुस्त्यांचं मैदान भरवीत. कॅम्पात कधीतरी त्यांनी गोऱ्या सोल्जरांची लढत पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, हे निपाणीत का नको? त्यांनी तंबू ठोकला, दोर बांधून चौक केला आणि परशाला बोलावणं धाडलं. समोर पुण्याकडून आणलेला एक दांडगा गडी. लुमाण्णांची अट एकच होती, परशाच्या कोपऱ्यात आपण असणार. शेटजी म्हणाले, "या की हो, तुम्ही नसला तर शोभा काय?"

त्या दिवशी मीही गेलो होतो. तंबूत कुस्तीचाच प्रेक्षक भरला होता, डोक्याला फेटे, पटके, खांद्यावर घोंगडी. पंच म्हणून उभे होते निपाणीतले एक वयस्कर गृहस्थ, कुस्तीतले नावाजलेले. बॉक्सिंग त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लुमाण्णांनी त्यांना नियम सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि मला वाटलं, समजलं असावं.

पहिल्या दोन फेऱ्या परशाने छान खेळल्या. तिसऱ्या फेरीत त्याच्या कानशिलावर एक ठोसा बसला आणि तो दोराला टेकला. पडला नाही. तो उभा होता, हात खाली लोंबत होते, आणि तो दांडगा गडी मारतच होता. एवढा मार खाऊनही पोरगा पडत नाही म्हणून लोक वेडे झाले, उभे राहून ओरडू लागले. लुमाण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चौकात फेकला. बॉक्सिंगमध्ये याचा अर्थ एकच. आम्ही हार मानली, लढत थांबवा.

पण आमच्याकडे कुस्ती रंगली की माणूस खुशीने डोक्याचा फेटा काढून मातीच्या हौदात भिरकावतो. कुणीतरी ओरडलं, "वस्तादानं पटका टाकला रं!" आणि सगळा तंबू उठला. फेटे, पटके, टोप्या, एक घोंगडीसुद्धा. वस्तादच एवढा खूश झालाय म्हटल्यावर मागे कोण राहणार? त्या ढिगाखाली लुमाण्णांचा टॉवेल दिसेनासा झाला. पंच हसत हसत पायाने फेटे बाजूला सारत होते. लुमाण्णा दोरावर चढले, तर वखारीतल्या गड्यांनी त्यांचे पाय धरून खाली ओढलं. "सोडवा! सोडवा त्येला!" ते किंचाळत होते. लोकांना तेही कौतुकच वाटलं. परशा पडला तेव्हा तोंडावर पडला.

नंतर लुमाण्णांनी पंचांची गचांडी धरली. ते गृहस्थ खरोखर गोंधळले होते. "हवालदार, पाठ कुटं लागलीती त्याची? पाठ लागल्याबिगर कुस्ती कशी सोडू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लुमाण्णांनी हात सोडला आणि ते परशाकडे वळले.

परशा दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आला. त्याला बेळगावला आणलं. डावा हात सदऱ्याची गुंडी लावीना. लुमाण्णांनी त्याच्या नाकासमोर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग उठून अंगणात गेले. डॉक्टर स्वच्छ बोलले, "याच्या डोक्याला पुन्हा मार बसला, तर माझ्याकडे आणू नका." परशा महिन्या-दोन महिन्यांनी हिंडूफिरू लागला. पण बोलताना शब्द जड यायचे, आणि मला एकदाच भेटून तीन-तीनदा "गुड मॉर्निंग" म्हणायचा.

आता गोष्ट एवढीच होती की परशाने पुन्हा चौकात उतरू नये. लुमाण्णांना दुसरं काही नको होतं. आणि तेवढंच कुणाच्या हातात नव्हतं.

कारण शेटजींनी बोलावणं धाडलं होतं. "तोंडावर पडला पण पाठ लागली न्हाय" अशी परशाची कीर्ती निपाणीभर झाली होती. लुमाण्णा त्याला म्हणाले, न्हाय म्हन. परशा खाली बघून म्हणाला, "अण्णा, मी न्हाय म्हटलं तर आईला नि आक्काला वखारीत कोन ठेवंल?" शेटजींनी तसं बोलून दाखवलं नव्हतं. ते कधीच तसं बोलत नसत. "मी काय जबरदस्ती करतो?" म्हणत आणि पानाचा डबा पुढे करीत. मला त्या डब्याचा अजून संताप येतो.

मग लुमाण्णा मला दुभाष्या म्हणून बरोबर घेऊन कचेऱ्या हिंडले. कॅम्पातल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा पाजला. बराकीत आजारी जवानाला लढू देत नाहीत, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. पण बराकीच्या भिंतीबाहेर आपला शब्द चालत नाही म्हणाले. फौजदार म्हणाले, दोघे आपखुशीने उतरतात ना, मग गुन्हा कसला? तरी लुमाण्णा रोज जाऊन कचेरीच्या पायरीवर बसू लागले, तेव्हा कंटाळून त्यांनी तोंडी ताकीद दिली की निपाणीत या मुलाला उतरवू नका. लुमाण्णा पेढे घेऊन आले. तानाक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मारुतीला नारळ फोडला.

शेटजींनी तंबू उचलला आणि दूधगंगेपलीकडे ठोकला. नदी ओलांडली की संस्थानची हद्द, तिथे आमच्या फौजदाराला कोण विचारतो? परशा तिथे लढला आणि नशिबाने फार मार न खाता परत आला. आम्ही दोघे तिथल्या कारभाऱ्यांना भेटायला गेलो. त्यांनी आम्हाला बराच वेळ ओसरीवर बसवलं आणि मग सांगितलं की ब्रिटिश मुलखातल्या डॉक्टरचं मत आमच्याकडे लागू नाही. तिथेही कुणी मनाई केली असती तर पुढे आणखी संस्थानं होतीच, आमच्या भागात त्यांची काय वाण?

परतीच्या मोटारीत लुमाण्णा खिडकीतून मागे पडणाऱ्या नदीकडे बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, अलीकडं फुटल्यालं डोस्कं नदी वलांडली की बरं हुतंय व्हय?" आणि तेच पुढे बोलू लागले, "कुस्तीत पोराला काय झालं तर त्येची आय वस्तादाच्या दारात जाऊन बसती. आख्खं गाव वस्तादाला इचारतंय. ह्या खेळाला मालक लई हाईत. आईबाप न्हाईत. मीच आनलं त्येला ह्यात."

तिथून त्यांच्या डोक्यात मंडळाचं खूळ शिरलं. सगळ्यांचं मिळून एकच मंडळ. बेळगाव, निपाणी, कॅम्प, सगळी संस्थानं. एका ठिकाणी डॉक्टरने मना केलं की सगळीकडे मना. पंच मंडळाचा, डॉक्टर मंडळाचा, आणि काही बरंवाईट झालं तर जाब द्यायलाही मंडळच. शाळेत, बाजारात, न्हाव्याकडे, जिथे जातील तिथे हेच. लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले. मीही एकदोनदा बदलला. पण म्हणणं खोटं नव्हतं, आणि हळूहळू लोकांना पटूही लागलं. तालमींचे वस्ताद, एक वकील, दोन डॉक्टर, कॅम्पातला एक सुभेदार, सगळे सभेला यायला तयार झाले.

सभेला जागा हवी होती. हेडमास्तरांनी शाळा दिली नाही. शेटजींच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "वखारीत बसा की, ऐसपैस. चांगलं काम आहे." लुमाण्णांना वाटलं, शेटजींना उपरती झाली. मी म्हणालो, जाऊ नका. त्यांनी ऐकलं नाही. दुसरी जागा तरी कुठे होती?

त्या सभेची आठवण झाली की मला हसावं की रडावं कळत नाही. वखार तंबाखूने भरलेली. कुणी बोलायला उभं राहिलं की वाक्य पुरं होण्याआधी शिंक यायची. लुमाण्णा बोलले, फार चांगलं बोलले, आणि शिंकले नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या, मंडळ हवंच म्हणाले. मग अध्यक्ष कोण यावर वाद पेटला. बेळगावचा म्हटलं की निपाणीकर उठायचे, निपाणीचा म्हटलं की संस्थानातले. शेवटी जागा ज्यांची, चहा ज्यांचा, मैदानं भरवतात जे, ते बसाप्पा शेटजीच सर्वांना चालतात असं ठरलं. टाळ्या पडल्या. हार आधीच आणून ठेवलेला होता. लुमाण्णांना तो शेटजींच्या गळ्यात घालायला लावला.

मंडळाने पहिलं काम केलं ते परशाची तपासणी. शेटजींच्या ओळखीच्या एका वैद्यांनी त्याला सरळ रेषेत चालायला लावलं. तो चाललाही. कुणीतरी त्याला बजावून ठेवलं असावं. वैद्यांनी सांगितलं, उत्तम. आता फौजदारसुद्धा काही म्हणेना, कारण मंडळ होतं ना. लुमाण्णांनी जे दार परशासाठी बंद करायला हे सगळं उभं केलं होतं, तेच त्यांच्या हातून सताड उघडलं गेलं.

"मी पंच ऱ्हातो," लुमाण्णा म्हणाले.

"पंच नको हो," शेटजी म्हणाले. "तुम्ही मधनंच कुस्ती सोडवणार. जोड कुणाशी लावायची तेवढं सुचवा. तुमचा मान."

लुमाण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "माज्याशी लावा."

शेटजी आधी हसले. मग त्यांचं हसू थांबलं आणि डोळे चमकले. गुरू आणि चेला! त्यांनी उठून लुमाण्णांना मिठी मारली. मी बाहेर येऊन लुमाण्णांना मूर्ख म्हणालो. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे, केस पांढरे. ते म्हणाले, "दुसरा कोन आला तर डोस्क्यावर मारंल. मी मारनार न्हाय, एवडंच. तुमी इंग्रजीवाले उगाच लई इचार करता."

त्यांचा बेत साधा होता. आपण परशाच्या दंडावर, हातांवर दणक्याने मारायचं, आवाज व्हावा, लोक खूश व्हावेत. परशाने तसंच हलकं मारायचं. हे त्याला चार दिवस समजावलं, घरामागे करूनही पाहिलं. तो मान डोलावायचा. पण घंटा वाजली, लोक ओरडू लागले, आणि परशाच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. लुमाण्णांनी त्याला पहिल्या दिवसापासून जे शिकवलं होतं, तेवढंच हातात उरलं होतं. त्याने पुरे ठोसे मारले. लुमाण्णांनी थोडे चुकवले, बाकीचे खाल्ले आणि शेवटी पुढे होऊन त्याला घट्ट मिठी मारली. ती मिठी त्यांनी सोडली नाही. त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होते. लोक शिट्ट्या मारत होते. घंटेजवळ शेटजींचा माणूस बसला होता आणि तंबू एवढा रंगात असताना त्याला घंटा वाजवायची घाई नव्हती. ते दोघे तसेच दोरांच्या मध्ये एकमेकांना धरून उभे. मला पाहवेना, मी बाहेर आलो. बाहेरही तो आरडाओरडा ऐकू येत होता.

त्या रात्री परशा त्यांच्या पायाशी बसून रडला म्हणे. काय झालं ते त्याला आठवत नव्हतं, फक्त अण्णांचं तोंड सुजलेलं दिसत होतं.

शेटजींच्या तंबूत एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. मग काय, जत्रा कुठलीही असो, जोड तीच. अलीकडे, पलीकडे, नदीच्या दोन्ही बाजूंना. एकदा थांबावं तर पुण्याकडचा तो गडी शेटजींच्या बोलावण्याचीच वाट बघत होता. शाळेने लुमाण्णांना काढून टाकलं. ड्रिलमास्तर तंबूत नाचतो हे हेडमास्तरांना कसं चालावं? तानाक्का एकदा माझ्या दाराशी आल्या. पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "मास्तर, तुमी तरी सांगा त्यास्नी. कानातनं पानी येतंय." मी सांगितलं. लुमाण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्येच्यासमोर कोन उबं ऱ्हानार, तुमी?" मी घरी आलो.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि माझी बदली झाली. त्यानंतर काही वर्षांनी कोल्हापूरला मुलीकडे जाताना आमची मोटार निपाणीच्या स्टँडवर थांबली. कोळशाच्या गॅसवर चालणारी गाडी, ती पुन्हा पेटायला वेळ लागायचा, म्हणून मी खाली उतरलो. समोरच्या झाडाखाली लुमाण्णा बसले होते. शेजारी परशा, मांडीवर गाठोडं घेऊन.

मला पाहून लुमाण्णा उठले. खूप आनंद झाला त्यांना. माझा हात दोन्ही हातांत धरला. बोटं जाड झालेली होती. "मास्तर! कुटं निगालाय?"

"मुलीकडे," मी म्हणालो. "कोल्हापूरला."

"बरं झालं. बरं झालं." मग त्यांनी शाळेची चौकशी केली, हेडमास्तरांना एक ठेवणीतली शिवी दिली, मी हसलो, तेही हसले. आणि माझा हात तसाच धरून म्हणाले, "मास्तर, कुटं निगालाय?"

मी पुन्हा सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. तानाक्का बऱ्या आहेत ना, असं मी विचारलं.

"कुटं निगालाय, मास्तर?"

परशा पुढे आला. त्याने त्यांच्या दंडाला धरलं आणि जड जिभेने, एकेक शब्द नीट जुळवत सांगितलं, "लेकीकडं चालल्यात, अण्णा. सांगितलं की त्येनी."

"व्हय व्हय," लुमाण्णा म्हणाले आणि शरमून हसले.

त्यांची मोटार आधी सुटली. परशाने त्यांना हात देऊन वर चढवलं, आत खिडकीशी बसवलं आणि गाठोडं घेऊन स्वतः शेजारी बसला. नदीपलीकडच्या जत्रेत संध्याकाळी त्या दोघांची लढत होती.